घाट उतरायच्या आधी

कोल्हापूर, शुक्रवारी रात्री

ती. वहिनी,


आपल्या सगळ्यांच्या सहलीची वाट आधी पाहून ठेवायला निघालोय. पत्राचा फोटो पाठवतोय. जेवणं झाली की आईला वाचून दाखवा.

मंगळवेढ्यात गाडी थांबवून शाळू पाहिला. काळ्या रानात गुडघ्याएवढा आलाय. त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे दादाला माहीत आहेच. मिरजेपर्यंत चौपदरी रस्ता आहे, मुलांना झोप लागेल. मिरजेच्या पुढं सगळीकडं ऊसच ऊस.

इथं एका गाडीवाल्यांच्या दोन कॅरॅव्हॅन पाहिल्या. मोठी बसएवढी आहे. पलंग, ओटा, फ्रिज, संडास, सगळं आत. मुलांना हीच आवडेल. माझं मन मात्र धाकटीवर बसलंय. ती टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली आहे. तिच्यात चौघंच झोपू शकतात, पण तिची पायरी बुटकी आहे, आईला धरून चढता येईल. शिवाय पुढं घाट आहे आणि घाटाखाली मालवणचा बाजार. मोठ्या गाडीत बसून आपण जागोजागी अडकणार.

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. अशा गाड्यांसाठी पाणी, वीज आणि मैल्याची सोय असलेली पार्क व्हावीत, असं त्यात आहे. आपल्या वाटेवर मला तसं पार्क सापडलं नाही. म्हणून मी उलटं ठरवलंय. आधी मुक्काम पक्का करायचा, मग रस्ता, आणि शेवटी गाडी. रोज रात्री गाडी कुणाच्या तरी आवारात उभी राहील. तुम्ही आणि आई खोलीत, मुलं आणि आम्ही दोघं भाऊ गाडीत. रस्त्याच्या कडेला कुठंतरी रात्र काढायचा विचार दादाच्या डोक्यात असेल, तर तो आत्ताच काढून टाका.

दाजीपूर, शनिवारी

ती. वहिनी,

आज राधानगरीवरून इथं आलो. कोल्हापूरहून अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे, पण वेळ तासांत धरा. वाटेत राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरी धरण लागतं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीवर गेलं की आपोआप उघडतात. बांधाचा दगड आणि मागं पसरलेलं पाणी मी बराच वेळ पाहत उभा होतो. आपल्याकडं उजनी किती भरली यावर अख्ख्या जिल्ह्याचा जीव टांगलेला असतो. सोलापुरात वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथून दक्षिणेला आंबोलीत सात हजारांच्या घरात पडतो. एकाच राज्यात, एका दिवसाच्या वाटेवर हा फरक! मुलांना हे पुस्तकातून नको, इथं उभं करून दाखवायचंय.

हे जंगल १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं आहे. राज्यातलं सगळ्यांत जुनं अभयारण्य हेच. क्षेत्र साडेतीनशे चौरस किलोमीटर. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत हेही आहे. संध्याकाळी वळणावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि इंजिन बंद केलं. डाव्या हाताला कळप चरत होता. पुढचा नर काळा कुळकुळीत, खांद्यावर उंचवटा, आणि चारी पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. त्यानं मान वर केली, नाकातून फुर्रकन हवा सोडली आणि आमच्याकडं पाहत राहिला. मागं दोन पिल्लं होती, तांबूस रंगाची. हॉर्न वाजवायचा नाही, खाली उतरायचं नाही, दिव्यांचा झोत टाकायचा नाही. गवा चाल करून आला तर टेम्पो ट्रॅव्हलरचा पत्रा त्याच्यापुढं टिकणार नाही. धाकट्याला हे इथं येण्याआधी दोन-तीनदा बजावून ठेवा.

उन्हं गेली की इथं गारठा पडतो. विकत घेतलेली झोपायची पिशवी अंगाला अपुरी पडली, आणि आपली चादर दुहेरी करून घेतली तेव्हा ऊब आली. कपाटातल्या जाड चादरी सगळ्या आणा, माणशी दोन तरी हव्यात. तंबू मात्र नको. वरच्या सड्यावर जांभा दगड आहे, खुंटी आत जातच नाही. खाली समुद्रावर वाळूत ठोकली तर वाऱ्यानं उपटते.

आता घाटाचं. फोंडा घाट सकाळी उतरायचा, पण फार पहाटे नाही. धुकं बसलेलं असतं. ऊन वर आल्यावर निघायचं. ज्या गिअरमध्ये चढ चढता येईल त्याच गिअरमध्ये उतरायचं, नुसत्या ब्रेकवर नाही. ब्रेक तापले की पकडत नाहीत. कॅरॅव्हॅनची पाण्याची टाकी घाटावर भरायची नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि टाकी अर्धी असली तर ते वळणावर हिंदकळतं. ती खाली कणकवलीत भरू. गॅसचा कॉक निघण्याआधी बंद, हे काम माझं. घाट चालू आहे का, तेही आदल्या दिवशी विचारायचं. शेजारचा करूळ घाट रुंदीकरणासाठी २०२४ मध्ये कितीतरी महिने बंद होता.

मुलांना वळणावर उलट्या होतील. सकाळी दूध नको. कोरडं काहीतरी आणि आलेपाक. तुमची कडक भाकरी यासाठी उत्तम. मी डबा उघडला तेव्हा इथल्या खानसाम्यानं हातात घेऊन मोडून पाहिली आणि विचारलं, ही किती दिवस टिकते? महिना सहज, म्हटलं. शेंगाची चटणी त्यानं चिमूटभर मागून घेतली. चूल पेटवायचा, फ्रिज चालवायचा, भाजी शोधायचा त्रास या दोन डब्यांनी निम्मा कमी होतो. थप्पी करताना जास्तीची करा.

तारकर्ली, सोमवारी दुपारी

ती. वहिनी,

फोंड्याहून कणकवली, मग कसालवरून मालवण. घाटमाथ्यावरचा स्वेटर घाटाखाली काढावा लागला, इतकं दमट आहे. कपड्यांच्या पिशव्या दोन करा, वरची वेगळी, खालची वेगळी.

पर्यटन महामंडळाच्या खोल्या सुरूच्या बनात आहेत. ओसरीवर खुर्ची टाकली की समोर समुद्र. आईनं चंद्रभागेच्या पलीकडचं मोठं पाणी पाहिलेलं नाही. तिला वाळूत चालवायची गरज नाही, तिथं बसून दिवसभर पाहता येईल. मला या सगळ्या खटाटोपात तेवढं हवंय. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीत चढ-उतार आहे, तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही. मुलांना दादा घेऊन जाईल. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी समुद्रातल्या खडकावर त्याचं काम सुरू केलं, आणि त्यांच्या हातापायांचे ठसे आजही तिथं दाखवतात. देवबागला कॅरॅव्हॅन न्यायची नाही. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. गाडी वळवायला जागा नाही. रिक्षा करू.

सकाळी रापण ओढताना पाहिली. दोन्ही टोकांना माणसं दोर कमरेशी धरून मागं मागं सरकत होती. हळूहळू जाळ्याचा अर्धगोल लहान झाला आणि शेवटी वाळूवर बांगडे उडायला लागले. ओढणाऱ्यांत म्हातारे होते, शाळकरी पोरंही होती. एका रापणकरांनी भरतीचा ठोकताळा सांगितला. तिथीला पाऊणनं गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी फार आत येत नाही आणि फार दूरही जात नाही. मुलांना घेऊन किनाऱ्यावर जायचं तर भांगाचे दिवस बरे. गाडी ओल्या वाळूवर अजिबात उतरवायची नाही. चाक रुतलं आणि भरती आली तर गाडी गेली.

आता तारखा. नाताळच्या आठवड्यात जागाही मिळत नाही आणि रस्त्यावर गर्दी उसळते. २ जानेवारीनंतर निघालो तर दोन्ही मुक्काम निवांत मिळतील आणि आपल्या गड्ड्याच्या जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आधी आपण घरी असू. पंचांगात अष्टमी कधी आहे ते आईला बघायला सांगा. मुलांच्या शाळेत चार दिवसांच्या सुट्टीचं विचारा आणि बुधवारपर्यंत कळवा. परत जाताना मी कोल्हापुरात त्या धाकट्या गाडीची आगाऊ रक्कम भरून येतो.

आपला,
धाकटा दीर