रिकामी फडताळं

बर्लिनच्या बेबेलप्लाट्झ चौकात फरसबंदीत एक काच बसवलेली आहे. उन्हात तिच्यात आधी आपलंच तोंड दिसतं. हाताचा आडोसा धरला की खाली दिसतात पांढरीशुभ्र, रिकामी फडताळं. वीसेक हजार पुस्तकं मावतील एवढी. 10 मे 1933 च्या रात्री साधारण तेवढीच पुस्तकं नाझींनी इथे जाळली.

त्यात डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या लैंगिकशास्त्र संस्थेचं ग्रंथालयही होतं. चार दिवस आधी विद्यार्थी बँड वाजवत संस्थेत घुसले होते. विद्यार्थी! मला अडतं ते तिथेच. हिर्शफेल्ड परदेशात होते. ही होळी त्यांनी पॅरिसच्या चित्रपटगृहात वृत्तपटात पाहिली.

संस्थेची जागा टियरगार्टन बागेच्या कडेला, श्प्री नदीजवळ. चौकातून पायी अर्धा-पाऊण तास. इमारत युद्धात गेली. 1919 साली सुरू झालेल्या या घरात लोक सल्ल्याला येत, काही तिथेच राहत. पुरुष म्हणून जन्मलेल्या कुणाला बायकांच्या कपड्यांत रस्त्यावर वावरायचं असेल, तर इथल्या डॉक्टरांच्या दाखल्यावर पोलीस परवाना देत. डोरा रिख्टर इथे घरकाम करायची. 1931 मध्ये तिची लिंगबदल शस्त्रक्रिया पूर्ण झाली. संस्थेवरच्या हल्ल्यात ती मेली असावी, असं वर्षानुवर्षं लिहिलं जाई. अलीकडे कागद सापडले: बाई 1966 पर्यंत जगली होती.

आपल्याकडे तेव्हा र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला चालला. वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले.

परतताना टियरगार्टनमधल्या स्मारकापाशी थांबलो. नाझींनी छळलेल्या समलिंगींसाठी 2008 मध्ये उभारलेला काँक्रीटचा राखाडी ठोकळा, त्याला एकच लहानशी खिडकी. आत चुंबनाची फिल्म चालू असते. नाझी गेले, पण पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं, 1935 मध्ये त्यांनी कडक केलेलं कलम 175 पश्चिम जर्मनीने 1969 पर्यंत जसंच्या तसं ठेवलं. त्याखाली सुमारे 50 हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. कलम पुरतं गेलं ते 1994 मध्ये.

माझ्यापुढे ऐंशीच्या घरातले दोन आजोबा होते. एक डोकावून बाजूला झाला आणि दुसऱ्याची काठी धरून उभा राहिला. 1969 मध्ये हे पंचविशीत असतील, मी मनात हिशेब केला. दुसऱ्याने बराच वेळ घेतला. मागे रांग वाढली, तरी कुणी हूं की चूं केलं नाही.