दोघांचीच सफर

दोन्ही मुलं शिकायला लातूरला गेली आणि नांदेडचं आमचं घर गप्प झालं. बोलायला विषय उरले दोनच : दूध आणि लाइट बिल. शेवटी हिवाळ्याच्या सुट्टीत मुलांनीच फर्मावलं, "अम्मी-अब्बा, कुठंतरी फिरून या!"

मुलांना भेटून लातूरहून रात्रीच्या मुंबई गाडीनं पुणं, तिथून खोपोली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ 2013 मध्ये सुरू झालेलं इमॅजिका पाहायचं होतं. खिमा-चपाती गाडीतच संपली. 'नायट्रो'वर बसलो, उलटे झालो, तेव्हा वर्गात पोरांना दरडावणारे आमचे हे मोठ्यानं कलमा पढत होते. आमचेही डोळे मिटलेलेच! पुढं बर्फाच्या दालनात भर हिवाळ्यात पैसे मोजून आणखी थंडी घेतली. कानटोपी एकच, ती आळीपाळीनं घातली.

रात्री खोलीवर इशाची कसर नमाज पढलो. सफरीत चार रकअतींच्या दोन होतात. आमचं घरही चारांवरून दोघांवर आलेलं. हे म्हणाले, "दोनच रकअती, पण नमाज पूर्णच ना?"

मग मुलांना फोन लावला. मार्क विचारायचे राहूनच गेले.