दाखला

दुसरं भजन संपायचं, पेटीचा भाता निःश्वास टाकत मिटायचा, शास्त्रपाठ व्हायचा, आणि उपदेश चांगला मुरत आला की तो आवाज यायचा. टक्. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुलपिटच्या जुन्या सागवानावर ठेवल्याचा. एवढ्याशा आवाजानं सारी मंडळी सावरून बसायची. सतरंजीवर पेंगणारी पोरं डोळे उघडायची, बायकांचे घसरलेले पदर डोक्यावर परतायचे, भिंतीला टेकलेले म्हातारे पाठ सोडवून पुढं सरकायचे. चष्मा उतरला म्हणजे कागद संपला. आता दाखला.

आमच्या नगरकडं ही गोडी जुनी. नगरला मिशन आलं १८३१ साली, ‘ज्ञानोदय’ निघाला १८४२ मध्ये, पुढं रेव्हरंड टिळकांची भजनं आली आणि ओठांवर रुळली; पण दाखला त्या सगळ्याहून जुना, थेट प्रभूच्याच तोंडचा. दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून, घर झाडून ते शोधणारी लूकच्या शुभवर्तमानातली ती बाई मला कधी परदेशातली वाटलीच नाही. तिच्या हातातली केरसुणी आमच्याच दारामागची होती.

पाळकसाहेबांच्या दाखल्यांत राजे नसत, चमत्कार नसत. एक वाणी असे, एक विहीर असे, उसनं नेलेलं पीठ असे. त्यातला चिंचेचा दाखला अजून माझ्या जिभेवर आहे. एका वाण्यानं तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवली होती, सुपारीएवढी. गिऱ्हाईक वर बघायचं, खाली कोण बघतो? एके दुपारी वाण्याचा डोळा लागला, त्याचं लहानगं पोर पारड्याखाली शिरलं आणि चिंच ओरबाडून खाऊन मोकळं झालं. बाप उठला, तराजू उचलला, तर काटा सरळ. पाळकसाहेब एवढंच सांगायचे आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवायचे. तात्पर्य ज्याचं त्यानं घरी न्यायचं.

आमच्या घरी ते मी न्यायचे. आजीच्या गुडघ्यांनी चर्चची वाट सोडली होती. मी उंबऱ्यात चपला काढते न काढते तोच ओसरीवरून हाक यायची, “आज काय दाखला दिला गं साहेबांनी?” उपदेशाचं वचन तिला पाठ असायचं, तिला हवा असायचा तो दाखला. डोळे मिटून ती ऐकायची, आणि संपला की मूठभर भाजके शेंगदाणे माझ्या ओंजळीत पडायचे. अजून गरम.

एका रविवारी मी आत गेलेच नाही. चर्चमागच्या झाडाखाली गाभुळलेल्या चिंचा पडल्या होत्या, आणि भजनांचे सूर तिथंही ऐकू येत होते. घरी येताना वाटेत मी एक दाखला रचला. एक म्हातारी, तिची शेळी, एक प्रामाणिक मुलगा. चांगला रंगवून सांगितला. आजीनं डोळे मिटून सगळा ऐकला.

“चष्मा काढला होता का गं त्यांनी?”

“हो.”

“टक् झालं?”

“झालं.”

तिनं माझा हात हातात घेतला. माझी बोटं एकमेकांना चिकटत होती. ती चिकट बोटं तिनं आपल्या सुरकुतल्या, कोरड्या बोटांनी एकेक करून सोडवली, किती हळू, आणि म्हणाली, “झाडाखालची खाल्लीस ना, बाय? आता पारड्याखालची तेवढी राहिली बघ.”

मी रडले आणि सगळं सांगितलं. शेंगदाणे त्याही दिवशी मिळाले.

पुढं गाव सोडताना शाळेनं मला दाखला दिला. त्यात वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ लिहिलं होतं. माझ्या पुढच्या मुलीच्या दाखल्यात तेच, मागच्या मुलीच्याही तेच. एकाच शाईत, एकाच वळणाचं. तो कागद कुठल्याशा ट्रंकेत पिवळा पडला आहे. आजीही नाही आता.

पण कधी बोलता बोलता मी एखादी गोष्ट होती त्याहून थोडी जड करून तोलते, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तेवढ्यात माझी बोटं चिकटल्यासारखी वाटतात. मग आत खोलवर, जुन्या सागवानावर, कुणीतरी चष्मा काढून ठेवतं.

टक्.