सडपातळ माणसाचा मधुमेह

ती. स्व. अण्णाकाकांना,


काकूचा फोन आला होता. उपाशीपोटीची साखर ११० आली म्हणून तुम्ही रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीत, असं ती म्हणाली. ‘मी सडपातळ, माझ्या हृदयाला काय धाड भरलीय?’ हे तुमचं म्हणणंही तिने सांगितलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात चरबी अशी लपून असते. ती पोटात आणि यकृतात साठली की इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. कमी वजनाच्या त्या तान्ह्या बाळांतही हीच ठेवण दिसली. तेव्हा वजनकाट्यावर भिस्त ठेवू नका.

११० हा आकडा एका सकाळचा, तोही औषधं चालू असतानाचा. एचबीए१सी तपासणीत साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. आणि साखर आटोक्यात आली तरी रक्तदाब, कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांवर आपलं काम करतच राहतात. मधुमेहींना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मधुमेहाने नसा बधिर होतात, त्यामुळे हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम सुटतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते, माणूस एकाएकी गळून जातो. घरोघरी याला पित्त म्हणतात, सोडा-लिंबू पिऊन आडवे होतात आणि उपचाराचे मोलाचे तास हातचे जातात. घाम साखर उतरल्यानेही येतो. यंत्रावर आकडा ७० च्या खाली दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. आकडा बरा असेल आणि तरी अस्वस्थ वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

खाण्याचं काकू बघतेच. फक्त गुळाचा चहा साखरेच्या चहाइतकाच वर्ज्य, आणि ज्वारीची भाकरीही मोजूनच. पापड-लोणच्यातलं मीठ रक्तदाबाला बाधतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या माराच. आणि मिश्री! ती आधी सोडा. तंबाखू कोणत्याही रूपात हृदयाचा वैरीच.

आज संध्याकाळीच डॉक्टरांना फोन करून गोळ्या बंद केल्याचं सांगा आणि ते म्हणतील तसं करा. या आठवड्यात काकूला सोबत घेऊन रक्तदाब, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. अहवाल आले की मला कळवा.

तुमची पुतणी