उणे म्हणजे कमी नव्हे

"उणे" या शब्दावर आपल्या भाषेने जरा अन्यायच केला आहे. उणीव, उणेपणा, उणीदुणी काढणे... कुठेही बघा, उणे म्हणजे कमीपणाच. दुसरा शब्द ऋण, तो तर सरळ कर्जच. हा अर्थ फार जुना. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले, आणि आजही वर्गात उणे संख्या शिकवताना शिक्षक उधारीचेच उदाहरण घेतात.

ओळखीतला एक मुलगा वर्कशॉपसाठी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतो. त्याच्याकडून मात्र या उणेची एक वेगळीच बाजू कळली.

समजा, एका पट्टीत ओळीने पाच भोके पाडायची आहेत, दर २० मिलिमीटरवर एक. कडेपासून पहिले २० वर, पहिल्यापासून दुसरे २० वर, अशी साखळीने मापे दिली आणि प्रत्येक मापात ०.१ मिमी इकडेतिकडे चालेल असे म्हटले, तर पाचवे भोक कडेपासून अर्धा मिलिमीटर सरकलेले निघू शकते. प्रत्येक माप नियमात, तरी जॉब बसत नाही! म्हणून एक कड शून्य धरतात आणि सगळी मापे तिथूनच देतात: २०, ४०, ६०, ८०, १००. याला ऑर्डिनेट डायमेन्शन म्हणतात. एका भोकाची चूक मग पुढच्याच्या माथी येत नाही.

आता हेच शून्य प्लेटच्या मध्यावर घेतले तर? उजवीकडचे भोक अधिक ३०, डावीकडचे उणे ३०. गंमत अशी, की ड्रॉइंगवर बऱ्याचदा दोन्हीकडे नुसते ३० लिहिलेले असते. अंतर कधी उणे नसते, आणि भोक कोणत्या बाजूला आहे ते डोळ्यांना दिसतेच. पण मशीनला चित्र दिसत नाही. त्याला फक्त आकडा आणि चिन्ह कळते. ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम लिहिताना ते चिन्ह राहिले, तर डावीकडचे भोक उजवीकडे पडते आणि जॉब भंगारात जातो.

खोलीचेही तसेच. मिलिंगमध्ये जॉबचा वरचा पृष्ठभाग बहुधा शून्य धरतात. झेड उणे ५ म्हणजे धातूत ५ मिमी खाली. उणे विसरले तर टूल ५ मिमी वर, हवेतच फिरत राहते. यात वेळ तेवढा वाया जातो. पण टूल ५० मिमी वर न्यायचे असताना नको तिथे उणे पडले, तर ते भरवेगाने खाली जॉबवर आदळते. टूल तुटते, स्पिंडलला धक्का बसतो, जवळ उभ्या माणसालाही धोका असतो.

म्हणजे इथे उणे हे कमीपण नाही, ती दिशा आहे. आणि हे आपल्याकडे पूर्वीच सांगून झाले आहे! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक त्रिकोण आहे. बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून लंब टाकला की पायाचे दोन तुकडे येतात १५ आणि उणे ६. भास्कराचार्य उणे ६ टाकून देत नाहीत. तो तुकडा उलट दिशेला आहे, असे ते सांगतात. लंब पायाच्या बाहेर पडतो, एवढेच. ही गोष्ट इ.स. ११५० च्या सुमाराची.

उणे ३० वरचे भोक अधिक ३० वरच्या भोकाइतकेच खरे, तेवढ्याच काळजीने पाडायचे. ते उणे ठरले, कारण शून्य कुठे धरायचे ते कुणीतरी ठरवले. शून्य डाव्या कडेला सरकवा, तेच भोक अधिक होते. प्लेटमध्ये काहीही बदललेले नसते.

मला वाटते, मुलांना उधारीबरोबर हेही दाखवावे. फळ्यावर एक प्लेट काढावी, दोन भोके काढावीत आणि शून्य इकडून तिकडे सरकवून पुन्हा मापे विचारावीत. वर्गात ज्यांना सारखे "तू यात कमी आहेस" असे ऐकावे लागते, त्या मुलांनी तर हा खेळ जरूर खेळावा.