विद्येचें ऋण

मनुष्याची योग्यता त्यास मिळालेल्या पदव्यांवरून ठरवावी, कीं त्याच्या हातून दुसऱ्यांस काय मिळालें ह्यावरून? पंडिता रमाबाईंचें चरित्र वाचतांना हा प्रश्न माझ्या मनांत वारंवार उभा राहिला.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकापवाद सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें होतें. वडील वृद्ध झाल्यावर कन्येच्या शिक्षणाचा भार आईनें उचलला. दिवसभर तिला घरकामांतून उसंत नसे. म्हणून पांखरें जागीं होण्याच्या वेळीं ती निजलेल्या मुलीस हळूच उठवून पाठ देई. पुढें दुष्काळानें आईबाप व बहीण हिरावून नेलीं, परंतु आईनें दिलेली विद्या कोणास नेतां आली नाहीं. १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या अर्पण केल्या, त्या ह्याच विद्येच्या बळावर.

१८८० सालीं त्यांचा विवाह झाला आणि १८८२ सालीं त्यांस वैधव्य आलें. पदरीं तान्ही मनोरमा होती. तरीहि त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर ह्यांची निकड मांडली. स्वतः डॉक्टर व्हावें ह्या हेतूनें १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या. तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र कानांनीं ऐकूं कमी येत असल्यामुळें वैद्यकाची वाट बंद झाली. तेव्हां त्यांनीं अध्यापनाचा मार्ग धरला. अमेरिकेंत बालोद्यानपद्धतीचा अभ्यास केला, हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला आणि शाळेसाठीं द्रव्य जमविलें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. गोदूबाई नांवाची एक बालविधवा तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होय. ह्याच गोदूबाई पुढें धोंडो केशव कर्वे ह्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या व स्त्री-शिक्षणाच्या कार्यांत त्यांच्यासह झिजल्या. धर्मांतराच्या वादावरून १८९३ सालीं अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादांत दोन्ही बाजूंस थोर माणसें होतीं, त्यांचा न्याय करण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु रमाबाईंनीं शाळा मोडली नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं निराधार मुली आणल्या आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांस आश्रय दिला. तेथें अक्षरांबरोबर विणकाम, शेतकाम व छापखान्याचें काम शिकवीत. अंध स्त्रियांसहि बोटांनीं वाचावयास शिकविलें जाई. विद्या केवळ मुखीं राहूं नये, ती हातींहि यावी, हा त्यांचा कटाक्ष होता.

हें सर्व वाचतांना मला माझ्या आजीची आठवण होते. तिला अक्षरओळख नाहीं. तरुणपणीं वैधव्य आल्यावर एका नातलगानें पुढें केलेल्या कागदावर तिनें विश्वासानें अंगठा उठविला आणि शेताचा हिस्सा गेला. कागदांत काय होतें तें तिला पुष्कळ दिवसांनीं कळलें. यंदा माझें शालेय शिक्षण संपत आहे. “मुलीला परगांवीं ठेवून पुढें कशाला शिकवायचें?” असा विषय घरीं निघाला, तेव्हां सर्व मंडळी गप्प होती, आजी मात्र म्हणाली, “तिला शिकूं द्या. माझा कागद वाचायला कोणी नव्हतें.” त्या एका वाक्यानें माझा मार्ग मोकळा झाला. तेव्हांपासून रोज संध्याकाळीं मी तिला मुळाक्षरें गिरवावयास शिकवितें. तिचा हात कांपतो, पण नांवाचें पहिलें अक्षर आतां वळणदार येतें.

१९२१ सालीं कन्या मनोरमा निवर्तली आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. लक्ष्मीबाईंनीं पहांटे एका मुलीस जें दिलें, तें त्या मुलीनें शेंकडों जणींस वांटलें. मैत्रिणींनो, आपणांस शाळेंत जें मिळतें तेंहि असेंच कोणाकडून तरी आलेलें ऋण आहे. तें देणाऱ्यास परत करतां येत नाहीं. ज्यांस मिळालें नाहीं त्यांस देऊनच तें फेडावें लागतें.