धारेला पाणी

बीडच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा डब्यातले निम्मेअधिक लोक पहिल्यांदाच रेल्वेने आपल्या गावी येत होते. अहिल्यानगरहून बीडला गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. एका म्हाताऱ्या बाईंनी फलाटावर पाऊल ठेवलं आणि मागे वळून गाडीला हात जोडले. दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. पलीकडे रस्त्यावर बोचकी, भांडी आणि लेकरं घेऊन ऊसतोडीला निघालेली एक टोळी ट्रकची वाट बघत बसली होती. गाडीने आम्ही येत होतो आणि ही माणसं निघाली होती.

मी आलो होतो सरांबरोबर पायी फिरायला. सर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. रविवारी जो येईल त्याला ते जुनं बीड दाखवतात, पैसे घेत नाहीत. अट एकच: कारागिराच्या दारात गेलं की त्याचं काम थांबवायचं नाही.

सुरुवात गावाबाहेर, सहा किलोमीटरवरच्या खजाना विहिरीपासून. तिथवर रिक्षाने गेलो. जुन्या सोलापूर-धुळे रस्त्यालगत ही विहीर आहे; जवळ जाईपर्यंत ती दिसतही नाही. हिजरी ९९१, म्हणजे इसवी सन १५८३मध्ये, अहमदनगरच्या निजामशाहीत बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. बांधणारा कारागीर राजा भास्कर. पायऱ्या उतरलो तसा उन्हाचा ताव मागे राहिला. पाण्यात भुयारांची तोंडं आहेत: दोनांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून ते शेतांकडे जातं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. जमिनीच्या उतारावर नजर ठेवून कुणीतरी चारशे चाळीस वर्षांपूर्वी भुयाराची पातळी धरली आणि पाणी आपल्या पायांनी शिवारात चालत गेलं. दुष्काळातही ही विहीर आटत नाही, असं बीडची माणसं अभिमानाने सांगतात. मी कट्ट्यावर बसून त्या संथ पाण्याकडे बघत राहिलो. राजा भास्कराचं नाव शाळेच्या पुस्तकात का नाही, हे मला कळत नाही. लढाया जिंकणाऱ्यांची यादी आम्ही तोंडपाठ केली. पाण्याचा उतार अचूक काढणाऱ्या माणसाला एक ओळही मिळू नये?

परत गावात आलो आणि पायी निघालो. बिंदुसरा नदी ओलांडून पेठ बीडकडे. त्या वर्षीच्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीचा गाळ काठाच्या झुडपांत अडकून वाळला होता. या नदीने २३ जुलै १९८९च्या पुरात माणसं नेली, वस्त्या उद्ध्वस्त केल्या. एरवी कोरडी दिसणारी नदी अशी उठते हे बीडकर विसरत नाहीत. कंकालेश्वराचं काळ्या दगडातलं मंदिर तर पाण्याच्या चौकोनी कुंडातच उभं आहे. तिथे फार रेंगाळलो नाही. माझं चित्त पुढच्या गल्लीत होतं.

तिथे एका ओट्यावर वयस्क काका चपलेचा अंगठा शिवत बसले होते. सरांनी मान हलवली, काकांनीही हलवली, आरी थांबली नाही. भिंतीच्या खुंटीवर काळपट, सुरकुतलेली एक चामड्याची पिशवी टांगलेली होती. छागल.

बीडच्या चामड्याच्या कामाचा, छागलीचा आणि गुप्तीचा बोलबाला पूर्वी दूरवर होता. गुप्ती म्हणजे आत पातं लपवलेली काठी. छागल म्हणजे प्रवाशाची पाण्याची पिशवी. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं पाणी धरतं, पण अगदी बंद नसतं. किंचित पाझरतं, वारा त्या ओलीला उडवतो आणि आतलं पाणी गार राहतं. माठाचीच युक्ती, पण खांद्यावर न्यायची.

"माझ्या वडलांची हाय ही," काका टाका ओढत म्हणाले. "मोटाबी शिवायचे ते. इंजनं आली, मोट गेली. मंग प्लास्टिक आलं."

"ही विकायची नाही का, काका?"

"इकून काय करू? पोरांना दाखवायला एक तरी पायजे की."

मी छागल हातात घेतली. कोरडी होती, तरी तोंडाशी नाक नेलं तर तेलाचा आणि कातड्याचा वास आला. सकाळची विहीर आठवली. पाणी आणण्याचं आणि पाणी वाहण्याचं शहाणपण या गावात किती पिढ्यांचं आहे! आणि याच जिल्ह्यातून लाखो माणसं दर वर्षी दुसऱ्यांच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला जातात. ही गोष्ट मला दिवसभर टोचत राहिली.

शेवटचा मुक्काम रस्त्याकडेच्या लोहारांचा. ट्रकचा जुना कमानपाटा तोडून त्याचे कोयते घडत होते. भाता चालला होता. नवऱ्याने सांडशीत धरलेल्या लाल लोखंडावर बायको घण मारत होती, तोल न सोडता, एका लयीत. समोर एक जोडपं उभं होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाकडून उचल घेतात तीही कोयत्यावर. हत्याराचं नाव माणसाला लागलं आहे, दोन माणसांना मिळून एकच.

"कुठल्या कारखान्याला?" सरांनी विचारलं.

"कोल्हापूरकडं. औंदा सोयाबीन सगळं पाण्यात गेलं, सर. ऱ्हाऊन काय करावं?"

लोहाराने पात्याची फक्त धार पुन्हा तापवली आणि डोणीतल्या पाण्यात क्षणभर बुडवली. याला पाणी देणं म्हणतात. पाणी जास्त झालं तर धार उसावर तुकडे होऊन उडते, कमी झालं तर मुडपते. तो पात्यावर चढणारा रंग बघत होता. त्या वेळी कुणी बोललं नाही. पिवळा सरून तांबूस झाला तसं त्याने अख्खं पातं डोणीत सोडलं. चर्र आवाज आला, वाफ उठली.

बाईने दोन्ही कोयते मुठीत धरून तोलले, एक परत केला. "मूठ जाड हाय. सा म्हैने हातात ऱ्हातो." लोहाराने न बोलता मूठ तासून दिली. मग तिने ते जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळले, बगलेत धरले आणि नवऱ्यामागून स्टेशनच्या रस्त्याला लागली. फडक्यातून डोणीतलं पाणी अजून ठिबकत होतं.